दडा

पहाटे साडेतीन. वादसो. दिवा न लावता
मी स्वयंपाकघरात उभी,
अंगठा आणि तर्जनीत नाक गच्च धरून,
ओठ मिटून, हलकेच आतल्या आत फुंकते.
उजवा कान टक् करून उघडतो.
डावा नाही.

पुन्हा.
डाव्यात कुणीतरी ओला बोळा कोंबून
बाहेरून कडी घालून गेलंय.

खिडकीबाहेर थर्मामीटर, उणे चौदा.
सूर्य नोव्हेंबरात गेलेला, यायला अजून अकरा दिवस.
ताप नाही. खोकला म्हणावा असा नाही.
नुसती सर्दी, मुलाने शाळेतून आणलेली,
बाहीला पुसून मला दिलेली.
याच सर्दीत माझी बहीण कारखान्यात खेकडे सोलते
आणि वर मलाच हसते,
नाक गळतंय म्हणून विमान थांबतं होय?

थांबत नाही, आउद. उतरतं.
तीन वर्षांपूर्वी बॉट्सफ्योरवर उतरताना
याच कानात आधी सुई शिरली, मग सळई.
शेजारचा उंचीचे आकडे वाचत होता
आणि मला ते ऐकू येत होते
विहिरीच्या तळाशी बसल्यासारखे.
उतरवलं. कुणाला काही कळलं नाही.
तेच वाईट झालं. एकदा निभावलं
की निभावतं, असं वाटायला लागतं.

कपाटात नाकातले थेंब आहेत.
दोन टाकले की वर जाईपर्यंत कान मोकळा,
खाली येताना मात्र भरवसा नाही.
एकेरी तिकीट.

आणि फोन आहे.
ड्यूटी-डेस्कवर आज ओड्वार.
राखीव यादीत पहिला स्टाइनार,
त्याच्या घरी नऊ दिवसांची मुलगी.
तो हो म्हणेल. किर्केनेसहून फ्योर्डला वळसा घालून
एकशे सत्तर किलोमीटर बर्फातून येईल.
तो रस्ता कुणाच्या खात्यावर मांडायचा?

काल को-ऑपच्या दुकानात हाल्वदान भेटला होता.
मानेवर किरणांसाठी आखलेल्या शाईच्या खुणा,
हातात दुधाची पिशवी.
"उद्या तूच ना? मग मी बिनघोर झोपतो."
त्रोम्सोला साडेनऊला त्याची पाळी.

परवाना पाकिटात आहे. सही, शिक्का, जूनपर्यंत वैध.
त्या डॉक्टरने माझे कान पाहिले होते
भर उजेडात, मी ठणठणीत असताना.
या पहाटेच्या कानावर शिक्का मारायला
कुणी येणार नाहीये.
मीच रोगी, मीच डॉक्टर,
आणि गणवेश इस्त्री करून खुर्चीवर टाकलेली, तीही मीच.
आम्हा तिघींचं एकमत फार पटकन होतं.
एवढ्याशा दड्याकडे कानाडोळा करायला
कितीसा वेळ लागतो?

सवयीने फोन डाव्या कानाला लावला.
ओड्वार काहीतरी बोलला, मला नुसती गुणगुण आली.
कान बदलला.
"आज मी नाही," म्हटलं.
त्याने का विचारलं नाही, नुसती कळफलकाची टकटक,
मग, "बरी हो."
इतकंच. मला वाटलं होतं
अजून थोडी झटापट करावी लागेल.

गणवेश पुन्हा कपाटात टांगताना
मी चोरासारखी दार हळू लावलं.

आठ वाजून पाच मिनिटांनी विमान घरावरून गेलं.
जवळजवळ दोन तास उशीर. एकाच बाजूने ऐकलं.
मुलगा पावावर लोणी फासत म्हणाला,
"तुझं विमान तुला न घेताच गेलं?"
मी कॉफीचा घोट गिळला

आणि टक्.

डावा कान उघडला.
हळूहळू नाही, एकदम, उघड्या खिडकीसारखा.
फ्रीजची घरघर आली, रस्त्यावरचा बर्फ खरवडणारा ट्रॅक्टर,
मुलाचं मचमच खाणं,
आणि दूर पश्चिमेला, फ्योर्डच्या वर,
बारीक होत चाललेले ते दोन पंखे,
अगदी स्पष्ट.

घड्याळात आठ दहा.
साडेनऊला किती कमी आहेत
ते मोजत मी तिथेच उभी राहिले.